रुसून जायची सोय

प्रशिक्षणाहून घरी आल्यावर मी शोधून काढलेली पहिली पीडित म्हणजे माझी आई.

तालुक्याच्या विधी सेवा समितीत मी तेव्हा नुकतीच स्वयंसेवक झाले होते. गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे हातात जे काही छापील पडतं ते मी फार मनापासून वाचते. वाशीमला दोन दिवसांचं शिबिर झालं. विषय होता मानवी तस्करी, आणि तिच्यात सापडलेली पीडित व्यक्ती ओळखायची कशी.

शिकवायला आलेल्या वकील सरांनी फळ्यावर तीन रकाने आखले. पहिला रकाना, माणसाबरोबर काय केलं: त्याला कामासाठी म्हणून गोळा केलं, एका जागेहून दुसरीकडे नेलं, कुणाच्या हवाली केलं, कुणी ठेवून घेतलं. दुसरा, कसं केलं: धाक दाखवून, जोर करून, फसवून, लालूच दाखवून, आपल्या वजनाचा गैरफायदा घेऊन. तिसरा, कशासाठी केलं: गुलामासारखं राबवायला, त्याचं शोषण करायला. "तिन्ही रकान्यांत काहीतरी भरलं गेलं, तर थांबा आणि नीट विचार करा," सर म्हणाले. मग खडू खाली ठेवता ठेवता त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्या व्यक्तीशी एकांतात बोला. दोन, ती 'मी माझ्या मर्जीनं आले' म्हणाली, तरी कायद्यापुढे त्याने काही फरक पडत नाही. ही दोन्ही वाक्यं मी वहीत अधोरेखित केली. अधोरेखित केलं म्हणजे समजलं, अशी माझी शाळेपासूनची समजूत आहे.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या वेशीबाहेर आमचा भाजीचा मळा आहे. मी घरी पोचले तेव्हा आई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती आणि बाबा बाजेवर पडले होते. सराव करायचा म्हणून मी फॉर्म काढला.

"आई, तुला या घरी कोणी आणलं?"

"तुह्या बापानं. इंझोरीहून टेम्पोत बसून आलती. काहून?"

मी पहिल्या रकान्यात 'नेले' असं लिहिलं.

"आणण्याआधी काय सांगितलं होतं?"

आईने बाजेकडे एक नजर टाकली. "बागायत हाय म्हनलं होतं. विहिरीचं घर. येऊन पाह्यलं त विहिरीतला बेडूक बी तहानलेला."

"म्या विहीर दाखवली होती," बाबा कूस न बदलता म्हणाले. बाबा दिवसाला दहा-बारा शब्द बोलतात, त्यातले चार तिथे खर्च झाले.

दुसऱ्या रकान्यात मी 'फसवणूक' लिहिलं. "आल्यावर काय काम करायला लावलं?"

"काय नाही करायला लावलं थे इचार."

तिसऱ्या रकान्याला मला वेगळा कागद जोडावा लागला. तिन्ही रकाने भरलेले पाहून मला खरोखर घाम फुटला आणि मी अगदी गंभीरपणे आईला सांगितलं, की कायद्याने बघायला गेलं तर प्रकरण गंभीर आहे.

"म्हंजे तुह्या बापाले धरून नेतील काय?"

"तसं लगेच नाही..."

"नेऊ दे. पन येवढी मेथी बांधून झाल्यावर न्या म्हना."

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट बाजारात पोचली, कारण आई स्वतःच टोपलीबरोबर ती घेऊन गेली. मग मी त्या रस्त्याने गेले की भाजीवाल्या बाया हाका मारायच्या, "वकीलीनबाई, माहं बी लिवा. माह्या सासूनं मले सून म्हनून आनलं आन म्हशीच्या खाली बसवलं." पेरूच्या गाडीवरचे चाचा म्हणायचे, "बेटा, एक फारम इधर भी. बेगम के कब्ज़े में हूँ." मी सगळ्यांचं खरंच टिपून घेत होते. आठवडाभराने सरांना फोनवर माझा आकडा सांगितला तेव्हा ते फार सौम्यपणे म्हणाले, "ताई, प्रत्येक संसार म्हणजे तस्करी नसते."

त्या दिवसापासून मी उलट्या बाजूला कलंडले. पुन्हा हसं नको, पूर्ण खात्री पटल्याशिवाय कुणालाही पीडित लिहायचं नाही, असं मी ठरवलं. आणि नेमकी अशा मनःस्थितीत मी बाईंकडे गेले.

बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या बाई. दहावीनंतर बाबा स्थळ बघायला लागले होते, तेव्हा बाई चालत आमच्या मळ्यात आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "या पोरीचं लग्न तुम्ही कधीही लावू शकता, अकरावीचा प्रवेश मात्र शनिवारी बंद होतो." कॉलेजचा अर्ज त्यांनीच भरला. पहिला शब्दकोश त्यांनीच दिला. मी आज चार ओळी नीट लिहिते त्यातल्या तीन त्यांच्या आहेत, असं मी अजूनही मानते. आता त्या निवृत्त झाल्या होत्या, गुडघे पार गेले होते, आणि एकुलता मुलगा पुण्यात नोकरीला होता. मी ओळखपत्र दाखवायला पेढे घेऊन गेले.

पाणी घेऊन एक मुलगी बाहेर आली. एकोणीस-वीस वर्षांची असेल. मध्य प्रदेशातल्या डोंगरी भागातली, हिंदी बोलणारी. पावसाळ्यापासून ती बाईंकडे होती. पुण्याच्या मुलाने कुणा ओळखीच्या बाईमार्फत तिला आणून ठेवलं होतं.

"माझे हातपाय आहेत ते आता हेच," बाई म्हणाल्या. "अगदी घरच्यासारखी आहे."

शिबिराचं ऐकून बाईंना फार आनंद झाला. "मग हिचाच भर की एक फॉर्म. सराव होईल. तुझं अक्षर सुधारलं का तेही बघते."

मी फॉर्म काढला. एकांताची ओळ मला आठवत होती, नाही असं नाही. पण बाईंच्या घरात बसून बाईंना 'तुम्ही जरा आत जाता का' म्हणायला मी तोंड कुठून आणणार होते? वर्गात त्यांना न विचारता मी कधी पाणी प्यायलाही गेले नव्हते.

मुलगी ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. मी प्रश्न विचारायची आणि बाई वर्गातल्या सवयीने अर्धं उत्तर पुरवायच्या.

"मर्जीनं आलीस ना गं?"

"जी."

"कुछ तकलीफ है क्या यहाँ?"

"नहीं."

"बघ. पुढचा प्रश्न."

पुढचा प्रश्न होता, येण्याजाण्याचं स्वातंत्र्य आहे का. "तिला जायचंय कुठे बिचारीला?" बाई म्हणाल्या, आणि मी 'हो' वर खूण केली. शेवटी 'पीडित नाही' लिहून सही केली. बाईंनी फॉर्म हातात घेतला, चष्मा लावून वरून खालपर्यंत वाचला आणि टेबलावरच्या लाल पेनाने सहजच तळाशी बरोबरची खूण केली. खोटं कशाला सांगू, मला ती खूण पाहून बरं वाटलं. किती वर्षांनी मिळाली होती.

घरी आई वाफ्याला पाणी देत होती. मी सांगितलं, की बाईंकडच्या मुलीचा फॉर्म भरला, काही निघालं नाही, ती घरच्यासारखी आहे.

"घरच्यासारखी?" आईने फावडं जमिनीत रोवलं. "माय वं, मी त्या घरी दर तिसऱ्या दिवशी भाजी देऊन राह्यली. त्या पोट्टीनं अजून एकडाव बी वरून सांभार मांगतला नाही."

आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. भाजी घेतल्यावर वर मूठभर सांभार मागून घेणं हा गिऱ्हाइकाचा धर्म आहे. न मागता दिला तरी बाया आणखी दोन काड्या ओढून घेतात.

"लाजत असेल," मी म्हणाले.

"लाज चार दिवस रायते. परवा तिच्या वाट्याले किडकं वांगं गेलं. घरची बाई असती त दुसऱ्या दिवशी वापस आनून माह्या तोंडावर मारलं असतं. हिनं किडकं कापून फेकलं आन गप." आई बांधावर बसली. "घरचं मानूस भांडते वं. तू मले पीडित लिवलं. मी तुह्या बापासंग रोज भांडतो का नाही? रुसली का थैली उचलतो, दोन गाड्या बदलतो आन इंझोरीले भावाच्या घरी जाऊन बसतो. तुहा बाप न्याले येते तवाच येतो. आता तू मले सांग, थे पोट्टी रुसली त कुठी जाईन?"

माझ्या फॉर्मला चार पानं होती. रुसली तर कुठे जाईल, असं त्यात कुठेच विचारलेलं नव्हतं. किंवा विचारलं होतं, आणि मी तिथे 'हो' करून आले होते.

मी सांगितलं, की पुन्हा विचारायचं तर एकांत लागतो, आणि बाई तिला एकटीला सोडत नाहीत. आई म्हणाली, "घरात कुठी एकांत रायते? वाफ्यात रायते."

संक्रांत जवळ आली होती. बाईंकडे दरवर्षी मोठं हळदीकुंकू असतं आणि भोगीला पाच-सात भाज्या लागतात. आई भाजी द्यायला गेली तेव्हा म्हणाली, "बाई, यंदा मळ्यातच या. ऊन बी भेटन, भाजी बी तुमच्या डोळ्यादेखत तोडू. पोट्टीले घेऊन या, माह्या एकटीच्यानं होत नाही." आईवर बाईंचा विश्वास होता. माझी आई म्हणून होता. भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला त्या दोघी ऑटोने आल्या.

कडुलिंबाखाली बाज टाकली होती. बाई तिथे बसल्या. तिथून सगळा मळा दिसतो, पण वाटाण्याच्या सऱ्या विहिरीपर्यंत लांब जातात आणि त्या टोकाला बोललेलं कडुलिंबाखाली ऐकू येत नाही. वाकून भाजी तोडणाऱ्या बाया एकमेकींशी बोलत असतात हे सगळ्या जगाला माहीत आहे, त्याचा कुणाला संशय येत नाही. बाईंना बोलण्यात गुंतवून ठेवायचं काम आईने बाबांवर सोपवलं होतं. मला तीच सगळ्यात मोठी काळजी होती. पण बाबांनी एकच प्रश्न विचारला, "बाई, आमची पोट्टी शाळेत कशी होती?" आणि मग तासभर त्यांना काही बोलावंच लागलं नाही.

फॉर्म मी नेला होता. आईने तो माझ्या हातातून काढून पेनासकट टोपलीखाली ठेवला. "कागद पाह्यला का मानूस शाळेतलं उत्तर देते."

तिघी तीन सऱ्यांत बसलो. मुलगी मध्ये. तिचे हात झपाझप चालत होते. मी आपली सुरुवात केली, "सब ठीक है ना?" आणि तिने आपलं म्हटलं, "सब ठीक है दीदी." तिथेच माझं शिबिर संपलं. मग आईने तिच्या हिंदीत माझी निंदा सुरू केली. ही शिकली पण हिला शेंग तोडता येत नाही, वेल उपटते. हिने बापाला तुरुंगात घालायचा कागद लिहिला होता. विहिरीचा अख्खा किस्सा. मुलगी पहिल्यांदा हसली. हसता हसता तिने एक शेंग सोलून तोंडात टाकली आणि तोडण्याचा वेग कमी केला.

"तू यहाँ कैसे आई?" आईने हात न थांबवता विचारलं.

"सिलाई सीखने आई थी," ती म्हणाली. "माँ के गाँव की एक मौसी है. बोली, नागपुर में मशीन पे बिठाएँगे, छह महीने में हाथ बैठ जाएगा. फिर गाड़ी यहाँ ले आई. बोली, चार दिन बाई के पास रुक, मशीन आ रही है."

"आली का मशीन?"

तिने नकारार्थी मान हलवली. मग एकेक गोष्ट निघत गेली, आणि प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे बाईंच्या बाजूचं एक चांगलं कारण होतं. आधार कार्ड बाईंच्या कपाटात होतं, हरवू नये म्हणून. मोबाइल पुण्याचे भैया घेऊन गेले होते, दुरुस्तीला. बाई बाहेर गेल्या की बाहेरून कुलूप लावायच्या, जमाना वाईट आहे म्हणून. दिवाळीला तिने घरी जाऊ का विचारलं होतं.

"मग?"

"बाई रोने लगीं. बोलीं, तू गई तो मेरा कौन है. फिर मैंने नहीं पूछा." तिने घाईने जोडलं, "मारती नहीं हैं, दीदी. खाना भी अच्छा देती हैं. और मैंने तो खुद हाँ बोला था. किसी ने ज़बरदस्ती थोड़े की."

वहीत अधोरेखित केलेलं वाक्य समोर बसलेलं होतं, आणि ते हिंदीत समजावून कसं सांगायचं हे मला सुचेना. संमती, कलम, संहिता असे शब्द तोंडात आले आणि तिथेच राहिले.

"तूने सिलाई को हाँ बोला," आई पलीकडच्या सरीतून म्हणाली. "झाडू को बोला क्या?"

"नहीं."

"मंग? गिऱ्हाइकानं मले वांगं मांगतलं आन म्या थैलीत कारलं टाकलं. घरी जाऊन थे म्हनते का, जाऊ दे, म्याच त हो म्हनलं होतं?"

मुलीला किती कळलं माहीत नाही. पण तिचा हात वेलावर थांबला. कडुलिंबाखालून बाईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण सूर ओळखीचा होता. वर्गात माझा निबंध वाचून दाखवताना त्यांचा हाच सूर लागायचा. ज्या बाईंनी मला घराबाहेर काढलं, त्या तिथे बसून माझं कौतुक करत होत्या, आणि मी इथे खाली मान घालून दुसऱ्या एका मुलीला त्यांच्या घराबाहेर काढायच्या मागे लागले होते.

"घर जाना है?" मी विचारलं.

तिने बाजेकडे पाहिलं. "बाई को बुरा लगेगा."

मीही त्या दिवशी फॉर्म भरताना याहून वेगळा काही विचार केला नव्हता. एका बाईंपुढे आम्ही दोघी सारख्याच गप्प होतो. फक्त मला संध्याकाळी माझ्या घरी जाता येत होतं.

"वह मैं देख लूँगी," मी म्हणाले. "तू बोल."

तिने ओच्यातल्या शेंगा टोपलीत ओतल्या. मग म्हणाली, "जाना है."

दुसऱ्या दिवशी भोगी होती. मी सकाळच्या गाडीने वाशीमला गेले आणि तिथल्या विधी सेवेच्या अधिकारी मॅडमपुढे एकाच मुलीचे दोन फॉर्म ठेवले. एकात 'पीडित नाही', दुसऱ्यात तिन्ही रकाने भरलेले. मॅडमनी पहिल्या फॉर्मवरची लाल खूण पाहिली.

"हे काय आहे?"

"ते आमच्या बाईंनी तपासलंय."

"आणि हा?"

"हा मी भरलाय."

मॅडम हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी दुसरा फॉर्म दोनदा वाचला. म्हणाल्या, गुन्हा कुणाचा, किती, हे ठरवणं तुमचं काम नाही आणि माझंही नाही. आणून सोडणाऱ्या बाईला पोलीस शोधतील, ठेवून घेणाऱ्यांचं कोर्ट पाहील. आज एवढंच ठरवायचं, की या मुलीला संरक्षण लागतं की नाही. "लागतं," मी म्हणाले. मी ठामपणे बोलल्याचं मलाच नवल वाटलं.

संक्रांतीनंतर एका दुपारी साध्या कपड्यांतल्या महिला पोलीस आल्या. मी बरोबर होते. बाईंनी कपाट उघडलं आणि आधार कार्ड स्वतःच काढून दिलं. ते एका पाकिटात होतं आणि पाकिटावर बाईंच्या सुरेख अक्षरात त्या मुलीचं नाव लिहिलेलं होतं. एवढ्या निगुतीने त्यांनी ते तिच्यापासून दूर ठेवलं होतं.

"मी तिला घरच्यासारखं ठेवलं होतं," बाई मला म्हणाल्या.

मी ते पाकीट पोलिसांकडे दिलं.

"तू मला आधी एकदा विचारायचंस."

"तुमच्यासमोरच विचारलं होतं, बाई."

त्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि गुडघ्यांवर हात ठेवून तशाच बसून राहिल्या. मुलीने जाताना वाकून त्यांच्या पायांना हात लावला. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो हात लगेच मागे घेतला.

माझी खरी चूक याच्या पुढची आहे. जीपमध्ये मी त्या मुलीला सांगितलं, "बस, चार दिन में घर." मला तसंच वाटलं होतं. आधारगृहात तिला ठेवलं आणि मग कळलं, की घरचा पत्ता पडताळायचा, तिकडच्या पोलिसांचा अहवाल यायचा, जबाब व्हायचा, मग आदेश निघणार. मी पाचव्या दिवशी भेटायला गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"मौसी ने भी चार दिन बोला था," ती भिंतीला म्हणाली. "आपने भी चार दिन बोला."

मी पत्ता, अहवाल, आदेश सगळं समजावून सांगितलं.

"यहाँ भी बाहर से ताला है, दीदी. जाके देखो."

मी जाऊन पाहिलं. होतं. सुरक्षेसाठी, तिथल्या काकू म्हणाल्या, आणि पुढे तक्रार केली, "तुमची ही मुलगी फार भांडते हो. वरणात पाणी जास्त म्हणते, पंखा आवाज करतो म्हणते, परवा जेवलीच नाही, रुसून बसली."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. मला रडू येत होतं. कायद्याने जिला पीडित म्हणून ओळखायचं, तिला कुलपातून काढून कुलपात नेलं, आणि ते काम मी केलं. आई पालकाच्या जुड्या बांधत होती.

"भांडली? कोनासंग?"

"सगळ्यांशी. माझ्याशी जास्त."

"रुसली बी?"

"हो."

"मंग तिचा जीव जाग्यावर आला," आई म्हणाली. "आता रडू नको. थे रुसून बसली हाय, तिले घरी पोचवनारी गाडी तुले आनाची हाय. उठ."

मग मी एक दिवसाआड वाशीमला जाऊ लागले. पत्त्याचा कागद कुठे अडला, अहवाल कोणत्या टेबलावर आला, मॅडमची सही कधी होणार. एका कार्यालयातले कारकून मला पाहिलं की बाजूच्या खुर्चीवरची फाईल उचलून ठेवायचे, म्हणजे मला बसता यावं. तिसऱ्या आठवड्यात आदेश निघाला.

बाईंचं म्हणाल तर प्रकरण अजून चालू आहे, आणि ते जिथे आहे तिथेच त्याच्याबद्दल बोललं जावं. त्या मुलीने गाव, पत्ता, सगळं सांगितल्यावर ती मौसी मात्र सापडली. आईने बाईंकडे भाजी देणं थांबवलं नाही. "भाजीचा काय गुन्हा," असं तिचं म्हणणं. ती सांगते, आता बाईंकडे गावातलीच एक बाई सकाळ-संध्याकाळ कामाला येते, सहा वाजले की हातातलं भांडं ठेवून चप्पल घालते, आणि जाताना बाईंना दोन शब्द ऐकवून जाते. बाई माझ्याशी बोलत नाहीत. मीही शब्दकोश उघडला की पहिल्या पानावरचं त्यांचं अक्षर बघते आणि मग मला हवा तो शब्द शोधते.

मुलीला न्यायला तिची आई आली होती, सोबत एक मामा. वाशीमच्या स्टँडवर आम्ही सगळे उभे होतो. तिचं आधार कार्ड तिच्याच हातात होतं आणि ती ते पुन्हा पुन्हा बघत होती. माझ्याशी ती अजून नीट बोलत नव्हती. माझी आई मळ्यातून थैली भरून घेऊन आली. वांगी, वाटाण्याच्या शेंगा, गाजरं. गाडी लागली. तिच्या आईने खिडकीजवळची जागा धरली, पण मुलीने तिला उठवलं आणि स्वतः तिथे बसली. दोघींची त्यावरून थोडी बाचाबाची झाली. मग तिने आमची थैली मांडीवर घेतली, गाठ सोडली, वांगी बाजूला करून तळापर्यंत हात घातला आणि खिडकीतून माझ्या आईकडे पाहिलं.

"चाची, सांभार नहीं डाला?"

आईने पदराखालून सांभाराची जुडी काढली आणि खिडकीतून दिली. तिने ती उलटीपालटी करून पाहिली.

"इतना ही?"

आईने दुसरी दिली. कंडक्टरने घंटी मारली.

आपल्या हाताने गिऱ्हाइकाच्या थैलीत वरून सांभार टाकायला माझी आई कधीही विसरलेली नाही. त्या दिवशी ती खरंच विसरली होती, की मुलगी मागते का याची वाट बघत जुड्या पदराखाली धरून उभी होती, हे मी तिला बरेचदा विचारलं आहे. ती म्हणते, "फारम भर आन शोध."